चरित्र हें इतिहासाचें साधन : सुलतानपूर-परिसरांतील तीन चरित्रांचा विचार

१. विषयाचें स्वरूप

चरित्र आणि इतिहास यांचें नातें काय, हा वाद फार जुना आहे. आपण चरित्रें लिहीत आहों, इतिहास नव्हे, असा भेद प्लुटार्कानें आपल्या ग्रंथांत करून ठेविला. कार्लाइलनें १८४० सालच्या व्याख्यानांत अगदीं उलट टोंक गाठलें आणि थोर पुरुषांचीं चरित्रें म्हणजेच जगाचा इतिहास, अशा आशयाचें मत मांडलें. त्यावर हर्बर्ट स्पेन्सरनें उत्तर दिलें कीं, पुरुष समाजास घडवितो हें खरें मानलें, तरी त्यापूर्वीं समाजानें त्या पुरुषास घडविलेलें असतें.

हीं तीनही मतें विचारार्ह आहेत. पण ज्यांना रुमाल सोडून जीर्ण कागद वाचावे लागतात, त्यांचा प्रश्न याहून साधा व अधिक निकडीचा आहे. कागदावर एक नांव दिसतें. त्या नांवाच्या मनुष्याचें आयुष्य ठाऊक असल्यानें कागदाचा अर्थ किती उलगडतो, आणि त्याच्याविषयीं प्रचलित असलेल्या कथेमुळें तो अर्थ किती झांकला जातो, हें त्यांना ठरवावयाचें असतें. अशा प्रश्नाचा केवळ तात्त्विक खल करीत बसण्यापेक्षां तो एखाद्या लहानशा प्रदेशास लावून पाहणें बरें. म्हणून बुलढाणें जिल्ह्यांतील सुलतानपूर हें केंद्र धरून त्याच्या आसमंतांतील तीन चरित्रें आम्हीं येथें विचारास घेतलीं आहेत.

सुलतानपूर हें मेहकर व सिंदखेड राजा यांच्या दरम्यान, हल्लीं लोणार तालुक्यांत मोडणारें गांव. तें कांहीं राजधानीचें स्थळ नव्हे. परंतु त्याच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवर लोणारचें सरोवर आहे, उत्तरेच्या अंगास मेहकर, पश्चिमेकडे सिंदखेड, व वायव्येकडे साखरखेर्डा. एक-दोन मजलांच्या या टापूशीं तीन निरनिराळ्या शतकांतील, तीन निरनिराळ्या हेतूंनीं लिहिलेलीं चरित्रें निगडित आहेत : लोणारशीं महानुभावांचें लीळाचरित्र, सिंदखेडशीं लखुजी जाधवराव यांची कथा, आणि साखरखेर्ड्याशीं मुबारिझखानाचें फारसी चरित्र. एक भक्तांनीं आठवणींतून रचिलेलें. दुसरें कवि, बखरकार व दरबारी तवारीखकार यांनीं आपापल्या परीनें सांगितलेलें. तिसरें एका राजकारणी मुत्सद्द्यानें एकांतवासांत लिहिलेलें. चरित्रलेखनाचे हे तीन प्रकार एकाच टापूंत शेजारीं शेजारीं सांपडतात, हा योग संशोधकास उपकारक आहे.

२. लोणार : भक्तांच्या आठवणी

मोगली कारभाराच्या दृष्टीनें लोणार काय होतें, हें आईन-इ-अकबरीवरून कळतें. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत अबुल फजलनें लोणार मेहकरच्या भागांत घातलें आहे, आणि तेथें मिळणारीं काच व साबण करण्याचीं द्रव्यें व त्यांपासून होणारें उत्पन्न यांची नोंद केली आहे. ही माहिती मोलाची खरी; पण तींत महाल आहे, माल आहे, वसूल आहे, मनुष्य मात्र नाहीं.

याच लोणारास अबुल फजलच्या आधीं तीन शतकांहून अधिक काळ लोटला असतां श्रीचक्रधरस्वामी येऊन गेले. त्यांच्या निर्गमनानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, म्हाइंभटानें नागदेवाचार्यांच्या अनुमतीनें त्यांच्या लीळा एकत्र केल्या. म्हाइंभटाची रीत आजच्या संशोधकासही आदर्शभूत वाटावी अशी होती. ज्यानें जें प्रत्यक्ष पाहिलें किंवा ऐकिलें, त्याच्याकडे स्वतः जाऊन त्यानें तें विचारून घेतलें. मराठी गद्याच्या आरंभींच असा साक्षीपुराव्यावर उभारलेला चरित्रग्रंथ निर्माण व्हावा, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे.

या ग्रंथांत स्वामींच्या लोणार येथील वास्तव्याचें व तेथें यादव राजा कान्हरदेव याच्या भेटीचें वृत्त आलें आहे. कान्हरदेव म्हणजे देवगिरीचा कृष्ण यादव, सिंघणाचा नातू. तेराव्या शतकाच्या मध्यास तो राज्य करीत होता. शिलालेख व ताम्रपट यांत अशा राजाच्या बिरुदांची व विजयांची माळ असते. तो एखाद्या तीर्थास गेला असतां संन्यस्त पुरुषापुढें कसा येतो, हें सांगण्याचें ताम्रपटास प्रयोजन नसतें. तें काम चरित्रानें केलें आहे.

आतां याच्या प्रामाण्याचा विचार करूं. म्हाइंभटाचा हेतु इतिहास लिहिण्याचा नव्हता. स्वामी त्याला परमेश्वरस्वरूप होते, आणि प्रत्येक लीळा त्या श्रद्धेच्या आधारानें उभी आहे. इतिहासकारानें त्या श्रद्धेचा निवाडा करूं नये; तें त्याचें क्षेत्रच नव्हे. परंतु लीळा सांगतां सांगतां वाटेंतलें गांव, देवळाचें नांव, जेवणांतला पदार्थ, बायकांच्या तोंडची भाषा, ओसरीवरचा व्यवहार, अशा शेंकडों गोष्टी सहजगत्या येऊन गेल्या आहेत. त्या सिद्ध करण्याचा लेखकास मुळींच आग्रह नाहीं, आणि म्हणूनच त्या अधिक विश्वसनीय आहेत. यावरून आमच्या मतें पहिला नियम असा निघतो : चरित्रकार जें सिद्ध करावयास बसला आहे, तें पुराव्यावांचून घेऊं नये, पण जें तो वाटेंत सहज सांगून जातो, तें हलकें लेखूं नये.

दुसरी गोष्ट पाठाची. यादवांच्या पाडावानंतरच्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली व पुढें ती स्मरणानें पुन्हां बांधण्यांत आली, अशी पंथाची परंपरा आहे. स्मरण करणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. पुढें हें वाङ्मय सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत गेलें व पंथाबाहेरच्यांस शतकानुशतकें अगम्य राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीची उकल केली. नागपुरास हरि नारायण नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापिले; आणि १९७८ सालीं, याच बुलढाणें जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनीं त्याचें संपादन प्रसिद्ध केलें. तेव्हां ‘लीळाचरित्रांत असें आहे’ एवढें म्हणून भागत नाहीं. कोणत्या पाठांत आहे, हें सांगितलें पाहिजे. पाठ न सांगतां चरित्राचा हवाला देणें, हें मिति न सांगतां पत्राचा हवाला देण्यासारखेंच आहे.

३. सिंदखेड : लखुजी जाधवराव

सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव हे जिजाबाईंचे वडील व शिवछत्रपतींचे मातामह. त्यांची घुमटाची भव्य समाधि सिंदखेडास उभी आहे, आणि त्यांचें नांव महाराष्ट्रांत मुलांच्याही तोंडीं आहे. असें प्रसिद्ध चरित्र इतिहासाच्या उपयोगी कसें पडतें व कसें पडत नाहीं, हें पाहण्यास याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. लखुजी निजामशाहीचे मातबर सरदार होते. १६२१ च्या सुमारास ते मोगलांस मिळाले. १६२४ सालीं भातवडीची लढाई झाली, तींत ते मोगलांच्या बाजूस, तर त्यांचे जांवई शहाजी राजे मलिक अंबराच्या, म्हणजे निजामशाहीच्या बाजूस होते. पुढें लखुजी पुन्हां निजामशाहींत आले, आणि श्रावणी पौर्णिमा शके १५५१, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत दरबारास गेले असतां निजामशहानें त्यांचा घात करविला. त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्याबरोबरच मारले गेले. बंधु जगदेवराव व पुत्र बहादुरजी यांनीं सिंदखेडचा आश्रय केला व ते पुढें मोगलांकडे गेले.

ही झाली घटनांची सांखळी. आतां या घटनांचें कारण काय, हें विचारलें कीं चरित्रकारांचे तीन पंथ होतात.

बखरींत शिमग्याच्या सणाची गोष्ट येते. लखुजींनीं लहानग्या जिजाबाई व शहाजी यांना एकत्र पाहून जोडा शोभतो असें सहज म्हटलें. मालोजींनीं भर सभेंत सोयरीक ठरल्याचें जाहीर केलें. लखुजींस तें कमीपणाचें वाटलें, आणि तेथून दोन्ही घराण्यांत वांकडें आलें. शिवभारतांत कारण निराळें आहे. निजामशहाच्या दरबाराबाहेर खंडागळे यांचा हत्ती बिथरला, त्यावरून चकमक झाली, आणि तींत लखुजींचे पुत्र दत्ताजी व भोसल्यांच्या घरचे संभाजी असे दोघे तरुण पडले. फारसी तवारिखांत तिसराच सूर आहे. तेथें जाधवराव हे एकदां बादशाही चाकरींत आलेले व मग ती सोडून गेलेले सरदार आहेत, आणि त्यांचा अंत हा चंचलपणाचा परिणाम म्हणून दाखविलेला आहे.

या तिहींची परीक्षा लेखकाचा काळ व हेतु यांवरून करावयाची. शिमग्याची कथा ज्या बखरींत विस्तारानें येते, त्या घडलेल्या गोष्टीपासून कित्येक पिढ्या दूर आहेत. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना बखरींतील कालविपर्यास समकालीन पत्रांशीं ताडून दाखविला, तेव्हांपासून बखरीचा शब्द पत्राच्या कसोटीवर घांसल्यावांचून घेऊं नये, असा दंडक पडला. कवींद्र परमानंदाचें शिवभारत त्या मानानें पुष्कळ जवळचें, छत्रपतींच्या हयातींतलें. तें भोसल्यांच्या आश्रयानें लिहिलेलें असूनही दोन्ही घरांची हानि सांगतें, ही त्याची जमेची बाजू. फारसी लेखक तिथिवारांत विश्वसनीय, पण हेतु सांगतांना बादशाही चष्म्यांतून पाहणारे.

याहून मोठी कसोटी म्हणजे आयुष्यांतील गोष्टी मितीच्या क्रमानें मांडून पाहणें. दोन घराण्यांचें वैर हेंच सर्वांचें मूळ असतें, तर लखुजींच्या वधानें शहाजी राजांस संतोष वाटावयास पाहिजे होता. झालें तें उलट. या वधानंतर शहाजी राजे निजामशाहींतून निघाले व १६३० मध्यें मोगलांकडे गेले. १६३२ मध्यें ते तेथूनही निघाले, आणि मग निजामशाहीचा एक अल्पवयी वारस गादीवर बसवून १६३६ मध्यें माहुलीस शरण येईपर्यंत त्यांनीं तिचा कारभार चालविला. भातवडीस परस्परांविरुद्ध उभे असलेले सासरे-जांवई हे एकमेकांचे हाडवैरी नव्हते, दोन चाकरींतले दोन सरदार होते, असेंच या क्रमावरून दिसतें. येथेंच एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. वधानंतर शहाजी निघाले, एवढें मितीवरून ठरतें. वध झाला म्हणून निघाले, हें मितीवरून ठरत नाहीं, त्यास स्वतंत्र पुरावा लागतो. ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांतील अंतर विसरलें, कीं चरित्राची कादंबरी होते. हा आमचा दुसरा नियम.

लखुजींच्या चरित्रांतील आणखी एक बाब अशीच शिकविणारी आहे. मोगलांनीं त्यांस चोवीस हजारांची मनसब व पंधरा हजार स्वार दिले, असें अनेक ग्रंथांतून सरसकट लिहिलेलें आढळतें. एका सरदारास चोवीस हजारी मनसब ही गोष्ट मोगली पद्धतींत बसत नाहीं. शहजाद्यांखेरीज इतरांस अशी मनसब मिळत नसे. मूळ फारसी उल्लेख पाहिला म्हणजे उलगडा होतो. हा आंकडा लखुजी, त्यांचे पुत्र, नातू व आप्त या सर्वांचा मिळून आहे. म्हणजे बादशहा एका मनुष्याशीं नव्हे, तर एका घराण्याशीं व्यवहार करीत होता. हें ध्यानांत घेतलें कीं दौलताबादच्या प्रसंगावरही निराळा प्रकाश पडतो. तेथें बाप, दोन लेक व एक नातू एकाच वेळीं कां मारले जावे? आमचा तर्क असा, कीं निजामशहास एका सरदारास शासन करावयाचें नव्हतें. पक्ष बदलतांच हजारों स्वारांसह बदलणारें घराणेंच मोडावयाचें होतें. या काळांतल्या महाराष्ट्रांत चरित्राचें एकक व्यक्ति नव्हे, तर घराणें होय, हा तिसरा नियम आम्ही यावरून काढतों.

घराणें हें एकक धरलें, कीं सरळ रेषेचा मोह सुटतो. सिंदखेड हें जिजाबाईंचें माहेर, तेव्हां तेथील जाधव नित्य मराठ्यांच्या बाजूचे, असें सामान्य वाचक गृहीत धरतो. पण याच घराण्याच्या एका शाखेंतले धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापति झाले, आणि १७५७ च्या डिसेंबरांत याच सिंदखेडास मराठ्यांनीं वेढा दिला तेव्हां आंत निजामाच्या चाकरींतले रामचंद्र जाधवराव होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वतन एक, देवघर एक, चाकऱ्या निराळ्या, हें त्या काळचें वास्तव चरित्रें घराण्यावार लावल्यावांचून दिसत नाहीं.

४. एका मितीची किंमत

जिजाबाईंच्या चरित्राशीं निगडित असलेला एक मुद्दा येथें स्वतंत्रपणें सांगण्याजोगा आहे. एका मितीनें चरित्र कसें पालटतें, याचें तें उत्तम उदाहरण होय.

शिवछत्रपतींचा जन्म वैशाख शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मध्यें झाला, ही समजूत बखरींच्या आधारानें दीर्घकाळ चालत आली होती. पुढें कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली त्या घराण्यानें लोकमान्य टिळकांच्या हवालीं केली, आणि ती १९१६ सालीं भारत-इतिहास-संशोधक-मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध झाली. तींत जन्मतिथि फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी निघाली. १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तंजावरास मिळालेल्या प्रतीवरून शिवभारत छापिलें, त्यानेंही तीच तिथि दिली. पुष्कळ वादानंतर ही तिथि बहुतेक संशोधकांनीं व पुढें महाराष्ट्र शासनानेंही मान्य केली.

हा वाद केवळ पंचांगाचा आहे, असें कित्येकांस वाटे. तें तसें नाहीं. जुनी तिथि धरली, तर दौलताबादच्या हत्याकांडाच्या वेळीं शिवाजी राजे सव्वादोन वर्षांचे होतात. नवी तिथि धरली, तर वडील, दोन भाऊ व भाचा एकाच दिवशीं मारले गेल्याची वार्ता आली तेव्हां जिजाबाई गर्भवती होत्या. कारण २५ जुलै १६२९ ते १९ फेब्रुवारी १६३० हें अंतर, दोन्ही तारखा एकाच जुन्या गणनेनें धरतां, अवघें २०९ दिवसांचें आहे. माहेर उद्ध्वस्त, पति एक चाकरी सोडून दुसरीच्या मार्गावर, देशांत मोगलांची स्वारी, आणि पाठोपाठ १६३० चा भयंकर दुष्काळ, अशा स्थितींत शिवनेरीवर तो जन्म झाला. जिजाबाईंच्या मनांत त्या वेळीं काय आलें, हें कोणत्याही कागदांत नाहीं. म्हणून तें आम्ही लिहिणार नाहीं. पण त्यांच्याभोंवतीं काय चाललें होतें, हें आतां निश्चयानें सांगतां येतें, आणि तें सांगतां येतें तें एका देशमुखाच्या घरीं जपून राहिलेल्या शकावलीच्या बळावर.

५. साखरखेर्डा : मुत्सद्द्यानें लिहिलेलें चरित्र

ऑक्टोबर १७२४ मध्यें साखरखेर्ड्यास निजामुल्मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला. निजामानें गांवास फतेहखेर्डा हें नांव दिलें, आणि दक्षिणेंत त्याची सत्ता तेव्हांपासून वस्तुतः स्वतंत्र झाली. थोरल्या बाजीरावांच्या मराठी फौजेचें साह्य या प्रसंगीं निजामास होतें.

नुसत्या सरकारी कागदांवरून या लढाईचा अर्थ लागत नाहीं. दिल्लीच्या बादशहानें दक्षिणेची सुभेदारी मुबारिझखानास दिली, म्हणून तो लढावयास आला. तो पडल्यावर त्याच बादशहानें १७२५ मध्यें निजामास आसफजाह हा किताब दिला. फर्मानांवरून पाहिलें तर दोघेही बादशहाचे एकनिष्ठ सेवक ठरतात. मग बारा वर्षें हैदराबादचा सुभा निर्वेधपणें भोगणाऱ्या मनुष्यानें हा जुगार कां खेळावा? १७२० मध्यें बाळापूरच्या लढाईनंतर तर तो निजामाच्याच पक्षास मिळाला होता.

याचें उत्तर त्याच्या चरित्रांत आहे. तो मूळचा बल्खचा. औरंगजेबाच्या काळीं बालपणींच आईबरोबर हिंदुस्थानांत आला. पुढें इनायतुल्लाखान काश्मिरी या वजनदार दरबारी उमरावाची कन्या त्याला मिळाली, आणि त्याचें नशीब उघडलें. दक्षिणेंत तो सुभेदार होता, पण त्याची मुळें दिल्लीच्या दरबारांतील सासुरवाडींत होतीं. दिल्लीहून आलेली सुभेदारीची सनद ही त्याच्या दृष्टीनें नुसती सनद नव्हती. ज्या पक्षाच्या आधारानें तो वाढला, त्या पक्षाची ती हांक होती. सनदेवरील शब्द सर्वांस सारखेच असतात; त्या शब्दांचें वजन कोणावर किती पडलें, हें घेणाऱ्याचें आयुष्य पाहिल्यानेंच कळतें.

ही माहिती आपणांस मिळते ती मआसिर-उल्-उमरा या चरित्रकोशांतून. त्याचा कर्ता शाहनवाजखान औरंगाबादचा मुत्सद्दी. वऱ्हाडची दिवाणी त्यानें केली होती, तेव्हां हा टापू त्याच्या कारभाराखालचाच म्हणावयाचा. १७४१ मध्यें नासिरजंगानें बापाविरुद्ध बंड केलें, त्यांत हा सांपडला व नोकरी गमावून बसला. त्यानंतरचीं पांचसहा वर्षें जो सक्तीचा रिकामपणा मिळाला, त्यांत त्यानें मोगली अमीर-उमरावांचीं चरित्रें जुळविलीं. १७४७ मध्यें तो पुन्हां चाकरींत आला, पुढें निजामाच्या दौलतीचा मुख्य कारभारी झाला, आणि मे १७५८ मध्यें औरंगाबादेस मारला गेला. त्याचें घर लुटलें गेलें व ग्रंथाचे कागद विखुरले. त्याचा स्नेही आझाद बिलग्रामी यानें खटपट करून ते पुन्हां मिळविले. मुलगा अब्दुल हय यानें त्यांत भर घालून १७८० मध्यें ग्रंथ पुरा केला. सातशेंहून अधिक चरित्रांचा हा ग्रंथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें १८८८ ते १८९१ या काळांत तीन खंडांत छापिला.

येथेंही लेखकाची जागा विसरतां कामा नये. शाहनवाजखान आसफजाही दौलतीचा चाकर. मुबारिझखान त्या दौलतीचा पराभूत शत्रु. तेव्हां साखरखेर्ड्याच्या लढाईची न्याय्यान्याय्यता त्याच्या शब्दावर ठरवूं नये. पण जन्म, सोयरीक, मनसब, बढती, मुलेंबाळें यांविषयीं त्यास खोटें लिहिण्याचें कारण नव्हतें, आणि दप्तराशीं परिचय असल्यामुळें त्याला तें नीट ठाऊकही होतें. लीळाचरित्रावरून काढलेला पहिला नियम येथें, सर्वस्वीं निराळ्या ग्रंथाच्या बाबतींत, तंतोतंत लागूं पडतो, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

कागद संग्रह करणारांस या लढाईपासून एक लहानसा व्यावहारिक लाभही आहे. ज्या कागदांत साखरखेर्ड्याचें फतेहखेर्डा हें नांव आलें असेल, तो कागद, किंवा निदान त्याची हातीं असलेली नक्कल, ऑक्टोबर १७२४ च्या पूर्वींची असूं शकत नाहीं.

६. निष्कर्ष

या तीन चरित्रांवरून आमचें मत थोडक्यांत असें आहे. चरित्र हें पत्राची जागा घेऊं शकत नाहीं. मिति, रक्कम, करार, हुकूम यांविषयीं पत्राचाच शब्द अखेरचा. परंतु पत्र हें एका क्षणाचें असतें. त्या क्षणाच्या आधीं लिहिणाऱ्यानें काय सोसलें होतें, कोणाशीं सोयरीक केली होती, कोणाची चाकरी सोडली होती, हें पत्र सांगत नाहीं. आणि तें कळल्यावांचून पत्रांतले शब्द समजले तरी अभिप्राय समजत नाहीं. पत्रें हे मणि आणि चरित्र हें सूत्र, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. मात्र सूत्र आधीं ओढून त्यावर हवे तेवढेच मणि निवडून बसवूं नयेत. १९२२ सालीं राजवाडे यांनीं जयराम पिंड्ये याचा राधामाधवविलासचंपू प्रसिद्ध केला, तेव्हां एका स्तुतिपर काव्यांतून शहाजी राजांच्या चरित्राचीं केवढीं अंगें प्रकाशांत येऊं शकतात, हें दिसून आलें. काव्य स्तुतीचें आहे म्हणून त्यांनीं तें टाकून दिलें नाहीं, आणि काव्य आहे हेंही ते विसरले नाहींत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वर उल्लेखिलेल्या ग्रंथांची दैवें पाहावीं. लीळाचरित्र एकदां नष्ट होऊन स्मरणानें पुन्हां उभें राहिलें. मआसिर-उल्-उमरा लुटींत विखुरला व एका स्नेह्याच्या चिकाटीनें वांचला. जेधे शकावली एका घराण्यानें आपल्या घरच्या कागदांत जपली म्हणून मिळाली. तिन्ही ठिकाणीं कोणा एका मनुष्यानें ‘हें राखलें पाहिजे’ असें मानलें, म्हणून आज आपण हा विचार करूं शकतों. अलीकडे मात्र जुन्या दप्तरांतून ठळक शिक्क्याचा किंवा प्रसिद्ध नांवाचा कागद तेवढा उचलून बाकीचा रुमाल रद्दींत जाऊं देण्याची प्रवृत्ति वाढत आहे. अशा रीतीनें वेगळा काढलेला कागद शोभेस ठीक. पण त्याचें घराणें तुटतें, आणि घराणें तुटलें कीं वर सांगितलेला तिसरा नियम लावण्यास आधारच उरत नाहीं. जमाखर्चाची क्षुल्लक यादी, लग्नाच्या आहेराची टिपणी, सुतकाचें पत्र, यांतूनच सोयरीक, वय व मृत्युतिथि निघतात; आणि चरित्राचा सांगाडा त्यांचाच असतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच : रुमाल फोडूं नये. कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याच्या संग्रहांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं मिळाला, तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. वरचें फडकें, बांधलेली दोरी, पाठीमागची नोंद, यांपैकीं कांहीं टाकूं नये. एखादा कागद विकत घेणें भागच पडलें, तर निदान उरलेल्या रुमालाची यादी व छायाचित्रें करून घ्यावीं. मेहकर, लोणार, सिंदखेड व सुलतानपूर या पट्ट्यांत जुनीं वतनदार घराणीं आहेत, महानुभावांचे मठ आहेत, फारसी सनदा बाळगणारीं कुटुंबें आहेत. त्यांच्या माळ्यावरील गांठोडीं सोडतांना ती गांठ कशी होती, हें प्रथम लिहून घ्यावें. मग कागद वाचावा.